३० सप्टेंबरचा पट, १ नोव्हेंबरची तारीख

(दृश्य : जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा. फळ्याच्या कोपऱ्यात 'पट २८, हजर २५'.)

फळ्याच्या कोपऱ्यात रोज सकाळी लिहिला जाणारा हा आकडा मुलांच्या लेखी हजेरीपुरता. सरकारच्या लेखी मात्र शाळेचा सगळा पैसा याच आकड्यापासून सुरू होतो. ३० सप्टेंबरला जो पट असेल त्यावर संचमान्यता ठरते, म्हणजे या शाळेत किती शिक्षक मंजूर आणि किती अतिरिक्त. पद मंजूर, तर पगार मंजूर. पट घसरला की गुरुजींचं समायोजन दुसऱ्या गावी. म्हणून सप्टेंबर लागला की शिक्षक वाडीवस्तीवर फिरतात, ज्या मुलांचं आधार जुळत नाही त्यांच्या आईबापांना घेऊन केंद्रावर जातात. शिकवण्याचे दिवस त्यात जातात, हे त्यांनाही कळतं.

(दृश्य : विधानभवन. मग जिल्हा परिषदेची इमारत.)

हा पैसा येतो कुठून? १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि गावोगावच्या प्राथमिक शाळा त्यांच्या ताब्यात आल्या. शाळा जिल्हा परिषदेची असली, तरी पगार राज्याचा. जिल्हा परिषदेचा स्वतःचा सेस फंड, म्हणजे तिचं स्वतःचं उत्पन्न, या खर्चापुढे अगदीच तुटपुंजा. मार्च महिन्यात अर्थसंकल्प मांडला जातो, त्यात शालेय शिक्षणाचं लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं खातं, २२०२. तिथून तरतूद जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला आणि शेवटी गुरुजींच्या बँक खात्यात. शहरातल्या माणसानं आपली घरपट्टी नीट वाचली, तर तिच्यात शिक्षण कराची एक ओळ सापडेल. तो उपकरही १९६२ च्याच, पण वेगळ्या कायद्यानं आलेला.

या खर्चातला बहुतांश भाग पगाराचा. आणि तो तसाच असायला हवा, कारण शाळा म्हणजे आधी शिक्षक. पण बाकीचं काय? शाळांसाठीच्या समग्र शिक्षा योजनेत केंद्राचे ६० टक्के आणि राज्याचे ४० टक्के असतात. त्यातून तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान मिळतं १० हजार रुपये. खडू, झाडू, नळाची तोटी, विजेचं बिल, रंगरंगोटी, सगळं त्यात. उरलेलं लोकवर्गणीतून, नाहीतर गुरुजींच्या खिशातून.

(दृश्य : तालुक्याच्या गावातलं खासगी हायस्कूल. स्टाफरूम.)

माध्यमिक शाळेत चित्र बदलतं. ग्रामीण महाराष्ट्रातली बहुतेक हायस्कुलं शिक्षणसंस्थांनी काढलेली. संस्था इमारत उभी करते, पगार अनुदानातून सरकार देतं. दर महिन्याला मुख्याध्यापक 'शालार्थ' या ऑनलाइन प्रणालीत पगारबिल भरतात, ते वेतन पथकाकडे, म्हणजे पगारबिलं तपासणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे जातं. पण हे झालं अनुदानित शाळेचं. २००१ नंतर सरकारनं नव्या शाळांना 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावर, म्हणजे अनुदान कधीच मिळणार नाही या अटीवर परवानगी दिली. शिक्षक नेमले गेले, वर्ग भरले, मुलं दहावी झाली. सरकारकडून पगार शून्य. २००९ मध्ये 'कायम' हा शब्द निघाला. पुढे २० टक्के अनुदान मिळू लागलं, मग टप्प्याटप्प्यानं पुढचं. प्रत्येक टप्प्यासाठी शिक्षक आझाद मैदानात बसले. दुपारी शिकवायचं आणि उरलेल्या वेळात शेतमजुरी करायची, असं त्यातल्या अनेकांनी वर्षानुवर्षं केलं. ही गोष्ट मनाला लागते, आणि लागायलाच हवी.

(दृश्य : पडद्यावर एकच ओळ, '१ नोव्हेंबर २००५'.)

आता पेन्शन. जुन्या पद्धतीत पेन्शनसाठी कुठेही वेगळी रक्कम साठवलेली नसते. निवृत्त शिक्षकाला शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन आणि तिच्यावर महागाई भत्ता मिळतो, तो त्या त्या वर्षीच्या तिजोरीतून. म्हणजे आज तुम्ही-आम्ही भरलेल्या करातून, तीस वर्षांपूर्वी आपल्याला पाढे शिकवणाऱ्या बाईंची पेन्शन निघते.

३१ ऑक्टोबर २००५ च्या शासन निर्णयानं हे दार बंद केलं. दुसऱ्या दिवसापासून नोकरीत आलेल्यांच्या पगारातून १० टक्के कपात आणि तेवढाच सरकारचा वाटा. सरकारचा वाटा २०१९ पासून १४ टक्के झाला. पैसा बाजारात गुंतवायचा, जे वाढेल त्यावर म्हातारपण. सुरुवातीच्या वर्षांत तर कपात होत होती, पण हिशेबाची चिठ्ठी मिळत नव्हती, ही तक्रार कित्येक शिक्षकांनी केली.

मार्च २०२३ मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत राज्यातले कर्मचारी आणि शिक्षक सात दिवस संपावर गेले. समिती नेमली गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं केंद्राची एकीकृत निवृत्तिवेतन योजना स्वीकारायचं ठरवलं. त्या योजनेत पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्म्या पेन्शनची हमी आहे, पण कर्मचाऱ्याची कपात चालूच राहते. तिजोरीची बाजूही खरी आहे. माणसं जास्त जगतात, आणि प्रत्येक वेतन आयोगाबरोबर पेन्शनही वाढते.

पण या सगळ्यात एक वर्ग अडकला आहे आणि त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी रीतसर नेमलेले, पण ज्यांच्या शाळेला १०० टक्के अनुदान त्या तारखेनंतर मिळालं, असे शिक्षक. सरकार म्हणालं, तुमची शाळा त्या दिवशी पूर्ण अनुदानित नव्हती, म्हणून तुम्हाला जुनी पेन्शन नाही. नेमणूक शिक्षकाची, तारीख धरली शाळेच्या अनुदानाची! हा वाद उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आमच्या मते हा अन्याय आहे. अनुदान कधी द्यायचं हे शिक्षकाच्या हातात कधीच नव्हतं.

(दृश्य : नोव्हेंबर. बँकेत हयातीचा दाखला द्यायला आलेले पेन्शनर.)

एकाच स्टाफरूममध्ये वीस वर्षं शेजारी बसलेले दोन शिक्षक. एक दर नोव्हेंबरला इथे येऊन सही करतात. दुसऱ्यांच्या घरी प्लॅस्टिकच्या पिशवीत शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेची प्रत आहे. घडीवर कागद फाटत आलाय. नेमणुकीची तारीख अजून स्पष्ट वाचता येते.