तंबाखूचा बार भरल्यानंतर शरीरात काय घडते

श्रोतेहो, नमस्कार.

चहा, दारू आणि तंबाखू ही तिन्ही द्रव्ये आपल्याकडे कायद्याने विकली जातात आणि तिन्ही थेट मेंदूवर काम करतात. आज मी तंबाखूबद्दल, त्यातही न जाळता तोंडात धरल्या जाणाऱ्या तंबाखूबद्दल बोलणार आहे, कारण महाराष्ट्राचे खरे व्यसन ते आहे. 2016-17 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात राज्यातील प्रौढांपैकी सुमारे 24 टक्के लोक अशी तंबाखू वापरत असल्याचे आढळले; बिडी किंवा सिगारेट ओढणाऱ्यांचे प्रमाण मात्र 4 टक्क्यांच्या आसपास होते. राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, परंतु साध्या तंबाखूची पुडी अठरा वर्षांवरील कोणालाही विकत घेता येते.

तंबाखू मळणारा माणूस आपण सर्वांनी पाहिलेला आहे. डाव्या तळहातावर चिमूटभर तंबाखू, डबीतून नखाने काढलेला चुना, मग उजव्या अंगठ्याने बराच वेळ केलेली मळणी, वरून दोन थापा आणि शेवटी खालच्या ओठामागे भरलेला बार. या सगळ्यात चुन्याचे काम सर्वांत महत्त्वाचे असते. तंबाखूतील निकोटीन आम्लयुक्त माध्यमात असताना तोंडाच्या आतल्या त्वचेतून सहजासहजी पार होत नाही. चुन्यामुळे माध्यम अल्कधर्मी होते, निकोटीन मोकळ्या रूपात येते आणि गालाच्या व ओठाच्या पातळ आवरणातून थेट रक्तात उतरते. म्हणजे चुना हा केवळ चवीसाठी नसतो, तर तो निकोटीनचा मार्ग मोकळा करतो. शिवाय तोच चुना त्या जागेची त्वचा भाजत राहतो.

रक्तातून मेंदूत पोहोचलेले निकोटीन ॲसिटिलकोलीन या संदेशवाहकाच्या जागा पटकावते आणि त्यामुळे डोपामिन स्रवून क्षणभर बरे वाटते. त्याच वेळी मूत्रपिंडांवरील ग्रंथींमधून ॲड्रेनलिन सुटते, नाडी जलद होते, रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. सिगारेटचा झटका काही सेकंदांत येतो आणि लवकर ओसरतो; ओठामागे धरलेला बार मात्र अर्धा तास हळूहळू पाझरत राहतो आणि रक्तातील निकोटीनची पातळी बराच काळ टिकवून धरतो. त्यामुळे न ओढता खाल्लेली तंबाखू सौम्य असते, ही समजूत मला फार घातक वाटते.

शेतात, बांधकामावर किंवा ट्रक चालवताना तंबाखू खाणारी माणसे सांगतात की भूक मरते, पोट साफ होते आणि कामात लक्ष लागते. त्यांचे म्हणणे खोटे नाही. निकोटीन भूक दाबते आणि आतड्यांची हालचालही वाढवते. परंतु लक्ष लागण्याचा भाग मोठ्या प्रमाणात वेगळाच आहे. रक्तातील निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येते; रात्रभराच्या झोपेनंतर ते बरेच ओसरलेले असते, आणि सवय झालेला मेंदू चिडचिड, जडपणा आणि बेचैनी या रूपांत त्याची मागणी करू लागतो. सकाळचा पहिला बार ही बेचैनी शमवतो, आणि माणसाला वाटते की आपल्याला तरतरी आली. ज्या तलफेने त्याला बेजार केले, ती तंबाखूनेच निर्माण केलेली असते.

आपल्या घरांतील स्त्रियांबद्दल मला विशेष काळजी वाटते. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू कुटून केलेली मिश्री, जिला कोकणात मशेरी म्हणतात, ती दात घासण्याच्या निमित्ताने हिरड्यांवर लावली जाते आणि बराच वेळ तोंडात राहते. तिला कोणी व्यसन म्हणत नाही, म्हणून डॉक्टरांनी विचारले तरी ती सांगितली जात नाही. दातदुखी थांबते असे वाटते, पण हिरड्या मागे सरतात आणि दातांची मुळे उघडी पडतात. गर्भवती स्त्रीने मिश्री लावली तर निकोटीन वारेतून गर्भापर्यंत पोहोचते. मुंबईत झालेल्या आणि 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी 105 ग्रॅमने कमी भरले, आणि वेळेआधी होणाऱ्या बाळंतपणांचे प्रमाणही अधिक आढळले. मुळातच अशक्त असलेल्या आईच्या बाळाला एवढी तूटही परवडणारी नसते.

कर्करोग मुख्यतः निकोटीनमुळे होत नाही. तंबाखूचे पान वाळवताना, मुरवताना आणि साठवताना त्यात नायट्रोसमाइन नावाची द्रव्ये तयार होतात आणि ती पेशींच्या गुणसूत्रांना इजा करतात. बार रोज एकाच जागी भरला जात असल्याने इजाही त्याच जागी साचत जाते. सोबत सुपारी असेल तर तोंडाच्या आतील आवरण कडक होऊन जबडा उघडेनासा होतो. तीन बोटे उभी करून तोंडात जात नसतील, तर ती धोक्याची खूण समजावी. तसेच तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला आणि तो दोन आठवड्यांत गेला नाही, तर तिखट लागते म्हणून सोडून न देता जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा दंतवैद्याला दाखवावा. तो दुखत नाही, यावर विसंबू नये, कारण सुरुवातीच्या अवस्थेत तो बहुधा दुखतच नाही.

तंबाखू सोडताना पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण जातात, आणि पुढच्या तीन-चार आठवड्यांत बेचैनी उतरत जाते. या काळात घरातील माणसांनी चिडचिड सोसून घ्यावी, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. निकोटीनचा च्युइंगम डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरता येतो. 1800-11-2356 या शासनाच्या निःशुल्क क्रमांकावर समुपदेशकाशीही बोलता येते. नमस्कार.