थेटफर्डला तीन दिवस

नमस्कार श्रोतेहो.

मे-जून जवळ आला की आपल्याकडे कितीतरी घरांत इंग्लंडला जायची तयारी सुरू होते. कुणाचा मुलगा लंडनला असतो, कुणाची लेक लेस्टरला. आई-बाबा महिना-दीड महिना राहायला जातात आणि बघायच्या ठिकाणांची यादी इथूनच नक्की होते: राजवाडा, टॉवर ब्रिज, ऑक्सफर्ड, जमलं तर बसने स्कॉटलंड. ती यादी चांगलीच आहे. पण तिच्यातले तीन दिवस काढून मी म्हणतो त्या गावाला द्या, अशी माझी आज तुम्हाला विनंती आहे. गावाचं नाव थेटफर्ड. इंग्लंडच्या पूर्वेला नॉरफोक नावाचा परगणा आहे, त्याच्या दक्षिण टोकाला, थेट आणि लिटल ऊस या दोन नद्यांच्या संगमावर हे गाव वसलं आहे. वस्ती असेल पंचवीस-सत्तावीस हजारांची.

इंग्लंडात अशी बाजारपेठेची गावं शेकड्यांनी आहेत. मधोमध चौक, ठरलेल्या वारी भरणारा बाजार, दगडी चर्च, भोवती जुनी घरं. आपल्या आठवडी बाजाराच्या गावासारखंच त्यांचं रूप, फक्त शेकडो वर्षं जपून ठेवलेलं. मग त्यांतलं थेटफर्डच का? कारण २९ जानेवारी १७३७ रोजी थॉमस पेन या गावात जन्मला. आणि पुण्यात १८४७ च्या सुमारास विशीतल्या जोतीराव फुल्यांच्या हाती जो ग्रंथ पडला, तो याच पेनचा, ‘राइट्स ऑफ मॅन’. दुसऱ्याच वर्षी, १८४८ मध्ये, भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. ती केवळ एका पुस्तकामुळे निघाली असं कुणी म्हणणार नाही. जोतीरावांनी सोसलेलं आणि पाहिलेलं त्यामागे होतंच. पण माणूस जन्मतः हक्क घेऊन येतो हा विचार त्यांना ज्या लेखणीतून भेटला, ती लेखणी धरणारा मुलगा थेटफर्डच्या गल्ल्यांत वाढला. मराठी माणसाने हे गाव पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

पेनचे वडील बायकांच्या कमरपट्ट्याच्या चोळ्या शिवायचे, ज्यांत व्हेलच्या हाडाच्या पट्ट्या घालत. ते क्वेकर या वेगळ्या ख्रिस्ती पंथाचे, आई इंग्लंडच्या राजमान्य चर्चची. मुलाला गावच्या ग्रामर स्कूलमध्ये घातलं, पण तिथली लॅटिन त्याने शिकली नाही, कारण क्वेकरांना त्या पुस्तकांचं वावडं होतं. तेराव्या वर्षाच्या आसपास शाळा सुटली आणि तो वडिलांच्या हाताखाली शिवणकामाला बसला. ती शाळा आजही चालू आहे.

त्या काळचं थेटफर्ड समजून घेतलं की पेन समजतो. पार्लमेंटवर हे गाव दोन सभासद पाठवायचं आणि त्यांना निवडणारे मतदार होते जेमतेम तीसेक! जवळच्या युस्टनच्या वाड्यात ग्राफ्टनचे ड्यूक राहात आणि त्यांच्या मर्जीबाहेर सहसा काही घडत नसे. नॉरफोकची वसंतातली न्यायसत्रंही इथेच भरत. किरकोळ चोरीसाठी माणसाला फाशी होण्याचा तो जमाना. पुढे पेन अमेरिकेला गेला, तिथल्या स्वातंत्र्यलढ्यात त्याने लेखणी चालवली आणि १७९१-९२ मध्ये ‘राइट्स ऑफ मॅन’ हा ग्रंथ लिहिला. त्याच्या दुसऱ्या भागात त्याने म्हाताऱ्यांना निवृत्तिवेतन आणि गरिबांच्या मुलांच्या शिक्षणाला सरकारी करातून पैसा मागितला. सरकारने त्याच्यावर राजद्रोहाचा खटला भरला. तो फ्रान्सला निघून गेला आणि त्याच्या माघारी त्याला दोषी ठरवलं. १८८२ मध्ये शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे जोतीरावांनी प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा अशी मागणी केली, सरकारी पैसा वरच्या थोड्यांच्याच शिक्षणावर जातो म्हणून जाब विचारला. हे दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचावेत. मग थेटफर्डला जावं.

आता जायचं कसं. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनवरून केंब्रिजला गाडीने जायचं आणि तिथे नॉरिचकडे जाणारी गाडी पकडायची. थेटफर्ड वाटेतच लागतं. सगळे मिळून दोन तासांच्या थोडं आत-बाहेर. तिकीट आधी काढलं तर स्वस्त पडतं आणि सकाळची कामावर जायची गर्दीची वेळ टाळली तरी बरेच पैसे वाचतात. व्हिसा मात्र लवकर काढा. साध्या प्रवासी व्हिसाला अर्ज, बोटांचे ठसे आणि मग साधारण तीन आठवडे धरून चला. सुट्टीच्या दिवसांत त्याहून जास्त. थेटफर्डला राहणार असाल तर तिथल्या मुक्कामाचा पत्ता आणि तारखा प्रवासाच्या आराखड्यात लिहा.

लंडनहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येऊ, असा बेत बरेच जण करतील. तो करू नका. दहा वाजता पोचाल, पुतळ्यापाशी फोटो काढाल, चारला गाडी गाठाल आणि गावाची ओळख राहूनच जाईल. इंग्लंडचं लहान गाव कळतं ते संध्याकाळी, दुकानं मिटल्यावर. जूनमध्ये रात्री नऊ वाजून गेले तरी उजेड असतो. जेवण लवकर उरकून नदीकाठच्या पायवाटेने फिरायला निघावं. एखादं आजोबांच्या वयाचं माणूस कुत्र्याला घेऊन समोरून येईल, हवेबद्दल एक वाक्य बोलेल. त्याला उत्तर द्या, पुढचं बोलणं आपोआप सुरू होतं.

पहिला दिवस पायी. स्टेशनवरून गाव दहा मिनिटांवर. वाटेजवळच क्लुनी पंथाच्या मठाचे अवशेष आहेत. रॉजर बिगॉड नावाच्या नॉर्मन सरदाराने ११०३-०४ च्या सुमारास हा मठ स्थापला आणि आठव्या हेन्रीने देशभरचे मठ मोडीत काढले त्यात १५४० मध्ये हाही संपला. आता हिरवळीवर गारगोटीच्या उंच भिंती तेवढ्या उभ्या आहेत. तिकीट नाही. भिंतींकडे नीट बघा: या भागात बांधकामाचा चांगला दगड मिळत नाही, म्हणून घरं, चर्चं, कुंपणं, सगळं काळ्या-करड्या गारगोट्यांचं. गोटा फोडून त्याची चकचकीत बाजू बाहेर ठेवायची, ही इथल्या गवंड्यांची पिढीजात कला.

मठावरून व्हाइट हार्ट स्ट्रीटला या. पेनचं जन्मघर याच रस्त्यावर होतं. दुसऱ्या महायुद्धात जवळच्या तळावरच्या अमेरिकन हवाईदलाच्या जवानांनी १९४३ मध्ये त्याच्या नावाचा फलक इथे लावला. पुढे किंग स्ट्रीटवर त्याचा सोनेरी मुलाम्याचा पुतळा आहे, १९६४ मधला, सर चार्ल्स व्हीलर यांनी घडवलेला. एका हातात लेखणी, दुसऱ्यात तोच ग्रंथ. ग्रंथ उलटा धरलेला आहे. का, यावर गावात अजून चर्चा चालते. जोतीरावांचं कोणतंही पुस्तक सोबत न्या आणि त्या चौकातल्या बाकावर बसून चार पानं मोठ्याने वाचा. कुणी विचारलं तर सांगा कोण होते ते. पेनचं नाव जगभर गेलं हे तिथल्या माणसांना माहीत आहे. पुण्यात त्या नावाने काय घडवलं, हे आपणच सांगायला हवं.

त्याच व्हाइट हार्ट स्ट्रीटवर एन्शंट हाउस हे संग्रहालय आहे, १४९० च्या सुमाराचं, लाकडी चौकटीचं, एका व्यापाऱ्याचं घर. छताच्या ओकच्या तुळयांवरचं कोरीव काम मान दुखेपर्यंत बघावं असं आहे. आणि हे घर गावाला कुणी दिलं? राजपुत्र फ्रेडरिक दुलीपसिंग यांनी, १९२१ मध्ये. शिखांचे अखेरचे महाराजा दुलीपसिंग यांचे हे चिरंजीव. पंजाब खालसा झाला तेव्हा महाराजा दहा वर्षांचे होते. त्यांना राज्य आणि कोहिनूर दोन्ही गमवावे लागले, आईपासून तोडलं गेलं आणि १८५४ मध्ये इंग्लंडला आणलं गेलं. पुढे १८६३ मध्ये त्यांच्यासाठी थेटफर्डजवळची एल्व्हडनची जहागीर घेतली गेली. १८८६ मध्ये ते हिंदुस्थानात परतायला निघाले, तर सरकारने एडनलाच अडवलं. १८९३ मध्ये पॅरिसला त्यांचा अंत झाला. गावात नदीच्या मधल्या बटन आयलंड या बेटावर त्यांचा अश्वारूढ पुतळा आहे. १९९९ मध्ये तेव्हाचे युवराज चार्ल्स यांनी त्याचं अनावरण केलं. शीख कुटुंबं लांबून तिथे येतात. तुम्हीही थोडा वेळ थांबा.

एल्व्हडनच्या चर्चच्या आवारात महाराजांची, त्यांच्या पत्नी बंबा यांची आणि मुलगा एडवर्ड यांची साधी दफनं आहेत. गावापासून चारेक मैल, पण बसच्या भरवशावर राहू नका, टॅक्सी करा. महाराजांचा वाडा खाजगी आहे, तो आतून बघायला मिळत नाही.

दुसरा दिवस ग्राइम्स ग्रेव्हजला. नावात थडगी असली तरी थडगी नाहीत. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या गारगोटीच्या खाणी आहेत. गवताळ माळावर चारशेहून जास्त खळगे दिसतात आणि प्रत्येक खळगा म्हणजे बुजलेली एक खाण. हरणाच्या शिंगाची कुदळ करून माणसांनी खडूच्या थरातून नऊ-दहा मीटर आणि त्याहून खोल खणलं, हत्यारांसाठी तळाची उत्तम काळी गारगोटी मिळावी म्हणून. एका खाणीत आजही डोक्यावर हेल्मेट घालून उतरता येतं. गुडघे दुखत असतील तर वरचा माळही पुरे आहे. हिवाळ्यात हे ठिकाण बंद असतं, म्हणून एप्रिल ते ऑक्टोबर हाच काळ धरा. इथेही टॅक्सी किंवा भाड्याची गाडी लागते. आपला वाहन परवाना प्रवाशाला तिथे चालतो आणि गाडी डाव्या बाजूनेच चालवायची असते.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहारींनी घाबरू नये. चीज घातलेला भाजलेला बटाटा कुठल्याही कॅफेत मिळतो. गावात पोर्तुगीज लोकांची मोठी वस्ती आहे, त्यांच्या बेकरीतले कस्टर्डचे टार्ट जरूर खा. मात्र पबचं स्वयंपाकघर दुपारी दोन-अडीचला बंद होतं, तेव्हा जेवणाची वेळ पाळा.

तिसऱ्या दिवशी सकाळी कॅसल हिलवर चढा. किल्ला उरलेला नाही, नॉर्मनांनी रचलेला मातीचा डोंगरच तेवढा आहे, वीस मीटरांहून उंच. चढायला पायऱ्या आहेत, पण त्या उभ्या आहेत, सावकाश चढा. शनिवार असेल तर खाली उतरून बाजार बघा. मग नॉरिचची गाडी पकडा, अर्ध्या तासाचा रस्ता. तिथलं कॅथीड्रल दुपारभर बघून होतं आणि नॉरिचहून लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीटला थेट गाडी आहे, साधारण दोन तासांत पोचवते. म्हणजे आलेल्या वाटेनेच परतायची गरज नाही.

नमस्कार.