पावसाच्या आधी पळसपापडी: गावरान कोंबड्यांचे जंत आणि झाडपाला

नमस्कार मंडळी, आणि खास करून ज्यांच्या दारात आत्ता पाच-पंचवीस गावरान कोंबड्या उकरत असतील त्या सगळ्या मावश्यांना, काकूंना नमस्कार, कारण आज तुमच्याशीच बोलायचंय, कोंबड्यांच्या पोटातल्या जंतांबद्दल.

कोंबडी खाते तर नीट पण अंगाला लागत नाही, तुरा फिका पडलाय, पंख लोंबतायत, अंडी कमी झाली, की आपण म्हणतो नजर लागली. बऱ्याचदा आत जंत असतात हो. एक गोल जंत, पांढरा, बोटभर लांब, आणि दुसरा चपटा, ज्याचे भाताच्या शितासारखे तुकडे शिटेत दिसतात. गोल जंताची अंडी शिटेतून जमिनीवर पडतात, ओल आणि ऊब मिळाली की दोन-तीन आठवड्यांत तयार होतात आणि दाणा टिपताना परत पोटात. चपटा मात्र मुंग्या, शेणकिडे, माश्या खाल्ल्या की येतो. म्हणून पावसाळ्यात त्रास जास्त, आणि तीन महिन्यांच्या आतली पिल्लं तर पार वाळून जातात.

आता औषध. माझा सगळ्यात जास्त भरवसा पळसावर आहे. होळीला फुलतो तो पळस, त्याच्या चपट्या शेंगा म्हणजे पळसपापडी उन्हाळ्यात वाळून खाली पडतात, म्हणजे जंतांचा सीझन सुरू व्हायच्या आधीच औषध हातात येतं, फुकट! आयुर्वेदात माणसाच्या जंतांवरही या शेंगेतलंच बी सांगितलंय, त्यातला पॅलासोनिन नावाचा घटक जंतावर काम करतो. बी भिजवून साल काढायची, वाळवून बारीक पूड करायची. वावडिंग दुकानात मिळतं, तेही चांगलं. पपईच्या चिकातलं पपेन जंताची कातडीच पचवतं, पण चीक जहाल असतो, तो नुसता चोचीत घालू नका.

द्यायचं कसं, तर सकाळी खुराडं उघडायच्या आधी, उपाशीपोटी, चिमूटभर पूड गूळ घालून कण्यांमधे कालवून. आधी दोन-तीन मोठ्या कोंबड्यांना द्या, दोन दिवस बघा, ठीक असल्या तरच बाकीच्यांना. आणि हे फार महत्त्वाचं, त्या दिवशी कोंबड्या बाहेर सोडू नका, डालग्याखाली किंवा खुराड्यातच ठेवा, पडलेली शिट गोळा करून खड्ड्यात पुरा. उकिरड्यावर टाकली तर काय उपयोग, कोंबड्या तिथंच तर उकरतात ना!

तंबाखूचं पाणी पाजायचं कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका, निकोटीननं कोंबडी तडफडून मरते. सीताफळाच्या बियाही नकोत, विषारी असतात आणि पूड डोळ्यात गेली तर तुमच्याच डोळ्याला इजा.

एक गोष्ट मी मनापासून सांगते, झाडपाला जंत कमी ठेवायला चांगला, पण कोंबडी मान टाकून बसली असेल, पिल्लं पटापट मरत असतील तर पूड कुटत बसू नका, सरळ गुरांच्या दवाखान्यात जा. तिथली पाइपराझिन गोल जंतावर चालते, चपट्यावर नाही, त्याला वेगळं औषध लागतं, म्हणून कुठला जंत आहे ते कळणं गरजेचं. आणि मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस द्यायची असेल तर साधारण आठवडाभर आधी जंतांचं औषध उरका, पोटात जंत असले की लस नीट लागू पडत नाही.

खुराड्यातली ओली गादी बदला, तूस कोरडं ठेवा, ऊन आत येऊ द्या, कारण जंतांच्या अंड्यांना ऊन आणि कोरडेपणा सोसत नाही. पाण्याचं भांडं विटेवर ठेवा म्हणजे त्यात शिट पडणार नाही, पिल्लं मोठ्या कोंबड्यांपासून वेगळी चारा. आणि औषधाच्या आधी एकदा, नंतर दोन आठवड्यांनी एकदा, ताजी शिट छोट्या डबीत घालून दवाखान्यात तपासायला द्या, जंतांची अंडी कमी झाली की नाही ते तिथं मायक्रोस्कोपखाली कळतं.