खोक्यावरचा आकडा आणि लॅपटॉपमधली जागा

मित्रहो, गेमिंग लॅपटॉपसाठी कोणती एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपमध्ये डेटा साठवणारा ड्राइव्ह) घ्यावी, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जण वेगाच्या आकड्यात शोधतात. मी मात्र आज लॅपटॉपच्या पाठीचे झाकण उघडून सुरुवात करणार आहे, कारण माझी पहिली चूक तिथेच झाली होती. मी एम.२ आकाराची एसएसडी आणली, ती स्लॉटमध्ये व्यवस्थित बसली, स्क्रूही नीट आवळला गेला. आणि लॅपटॉप सुरू केल्यावर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ व्यवस्थेत) तिचे नावनिशाण नव्हते. एसएसडी साटा या जुन्या, संथ पद्धतीची होती आणि स्लॉट फक्त एनव्हीएमई ही नवी, वेगवान पद्धत ओळखणारा होता.

एम.२ हे केवळ पट्टीच्या आकाराचे आणि जोडणीचे नाव आहे, हे तेव्हा माझ्या नीट लक्षात आले. त्याच आकाराच्या पट्टीवर साटा चालते आणि पीसीआय एक्सप्रेस (थोडक्यात पीसीआयई) या वेगवान जोडणीवरून चालणारी एनव्हीएमईही चालते. पट्टीच्या सोनेरी दातांकडे जवळून पाहिले, तर साटाच्या पट्टीला सहसा दोन खाचा दिसतात आणि चार लेनच्या (डेटाच्या वाटांच्या) एनव्हीएमई पट्टीला एकच. परंतु जुन्या दोन लेनच्या काही एनव्हीएमई पट्ट्यांनाही दोन खाचा असतात, म्हणून शेवटचा शब्द लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकेचा मानावा. लांबीही तिथेच पाहून घ्यावी. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. काही लॅपटॉपांत दुसरा स्लॉट २२४२ किंवा २२३० एवढाच असतो. त्यातही जागा पातळ असेल, तर ज्या पट्टीच्या एकाच बाजूला चिप आहेत तीच घ्यावी लागते, कारण दोन्ही बाजूंनी चिप असलेली पट्टी खाली मदरबोर्डला टेकते.

आता वेगाकडे वळू. मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कची एक फेरी पुरी व्हायला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात आणि हवा असलेला डेटा वाचणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत तिला सरासरी अर्धी फेरी थांबावे लागते; शिवाय डोके योग्य जागी सरकायला लागणारा वेळ वेगळा. एसएसडीत फिरणारे काहीच नसल्यामुळे हे थांबणे मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येते. गेम सुरू होण्यात जो जमीनअस्मानाचा फरक पडतो, तो या टप्प्यावर पडतो. ‘बॉल्डर्स गेट ३’ किंवा ‘स्टारफील्ड’ यांसारख्या गेमच्या किमान गरजांतच एसएसडी लिहिलेली असते, ती याच कारणाने.

त्यापुढची पायरी मात्र तेवढी उंच नाही. साटाची एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबी वाचते, पीसीआयई ३.० ची सुमारे ३,५०० आणि ४.० ची सुमारे ७,०००. या हिशेबाने १० जीबी डेटा साटावर १८ सेकंदांत आणि ४.० वर दीड सेकंदात यायला हवा. प्रत्यक्षात बहुतेक गेममध्ये तसे घडत नाही. खोक्यावरचा आकडा एकामागोमाग एक असलेली मोठी फाइल सलग वाचण्याचा असतो, तर गेम पुष्कळदा लहान लहान तुकडे विखुरलेल्या जागांवरून मागतो. चार किलोबाइटचे तुकडे एका वेळी एक असे वाचायला लावले, की ७,००० चा आकडा मिरवणारा ड्राइव्हही शंभर एमबीच्या अलीकडेच रेंगाळतो. शिवाय आलेला डेटा आवळलेला (कॉम्प्रेस केलेला) असतो. तो उलगडायचा, त्यातून देखावा उभा करायचा आणि शेडर (प्रकाश आणि रंग ठरवणारे छोटे प्रोग्राम) तयार करायचे, ही कामे प्रोसेसरला करावी लागतात, आणि तोवर एसएसडी रिकामी बसून असते.

मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टस्टोरेजमुळे हे चित्र बदलू शकते. २०२२ मध्ये विंडोजवर आलेल्या या व्यवस्थेत वाचनाच्या मागण्या मोठ्या संख्येने एकत्र पाठवता येतात आणि डेटा उलगडण्याचे काम ग्राफिक्स चिपकडे देता येते. साटाच्या जुन्या पद्धतीत ३२ मागण्यांची एकच रांग असते, एनव्हीएमईत हजारो रांगा असू शकतात, त्यामुळे अशा गेमचा खरा लाभ एनव्हीएमईलाच मिळतो. म्हणून एनव्हीएमईचा स्लॉट मोकळा असताना नवी साटा घेऊ नये, असे मी ठामपणे सांगतो. जुन्या लॅपटॉपमध्ये केवळ अडीच इंची जागाच असेल, तर मात्र साटाच घ्यावी आणि निर्धास्त राहावे.

पीसीआयईच्या ३.०, ४.०, ५.० या पिढ्यांविषयी फार बोलण्यासारखे नाही. ४.० चा ड्राइव्ह ३.० च्या स्लॉटमध्ये चालतो, फक्त ३.० च्या वेगाने. ५.० चे सुरुवातीचे ड्राइव्ह पूर्ण भारावर १० वॅटच्या आसपास वीज ओढतात, आणि लॅपटॉपमध्ये तो ड्राइव्ह तापलेल्या ग्राफिक्स चिपच्या शेजारी बसतो. तापमान मर्यादेबाहेर गेले, की ड्राइव्ह आपणहून वेग कमी करतो आणि दिलेले जास्तीचे पैसे तिथेच विरून जातात.

माझ्या मते ग्राहकाने सर्वांत जास्त लक्ष पेशींच्या (डेटा साठवणाऱ्या सूक्ष्म कप्प्यांच्या) प्रकाराकडे द्यावे, आणि नेमके तेच खोक्यावर क्वचित ठळक छापलेले असते. टीएलसी पेशीत तीन बिट राहतात, म्हणजे विद्युतभाराच्या आठ पातळ्या ओळखाव्या लागतात. क्यूएलसीत चार बिट, म्हणजे सोळा पातळ्या. पातळ्या जितक्या दाट, तितके लिहिणे सावकाश आणि झीज अधिक. हा संथपणा झाकण्यासाठी ड्राइव्ह काही पेशींत तात्पुरता एकेकच बिट लिहितो. जवळजवळ भरलेल्या क्यूएलसी ड्राइव्हवर शंभर जीबीचा गेम दुसऱ्या एनव्हीएमई ड्राइव्हवरून कॉपी करून पाहा. आलेख आधी उंच धावतो, मग ही तात्पुरती जागा संपते आणि रेघ एकदम खाली येते, कधीकधी साटाच्याही खाली. मोठे अपडेट उतरवताना हीच गोष्ट जाणवते. दोन्हींच्या किमतीत थोडाच फरक असेल, तर डोळे झाकून टीएलसी घ्यावी. केवळ गेम साठवण्यासाठी दुसरा, मोठा ड्राइव्ह हवा असेल, तर क्यूएलसीलाही माझी हरकत नाही, कारण वाचताना ती फारशी मागे पडत नाही.

डीरॅम (कोणता डेटा कुठे आहे याची यादी ठेवणारी वेगवान चिप) नसलेला एनव्हीएमई ड्राइव्ह लॅपटॉपच्याच रॅममधला थोडा भाग उसना घेऊन काम भागवतो आणि गेमसाठी ते पुरते. साटाला ही सोय नाही, म्हणून साटा घेताना डीरॅम असलेलीच पाहावी. आयुष्याची चिंता मात्र अनेक जण उगाच करतात. १ टीबीच्या टीएलसी ड्राइव्हची लेखनमर्यादा साधारण ६०० टीबी सांगितलेली असते. रोज ५० जीबी लिहिले, तरी ती संपायला जवळजवळ ३३ वर्षे लागतात.

तेव्हा वाचलेला पैसा क्षमतेत घालावा. एकेक गेम शंभर-दीडशे जीबी मागतो, आणि १ टीबी विंडोजमध्ये ९३१ जीबीच दिसते. माझी निवड विचाराल, तर ४.० ची, टीएलसी पेशींची, एकाच बाजूला चिप असलेली २ टीबीची पट्टी.

बसवण्यापूर्वी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलुपाची) रिकव्हरी की लिहून ठेवा, लॅपटॉप पूर्ण बंद करा आणि बॅटरीची जोडणी काढा. पट्टी तिरकी धरून दात पूर्ण आत सरकवा, मग दाबून स्क्रू लावा. स्क्रू हलकाच आवळा. विंडोज सुरू झाल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो हा ड्राइव्हची माहिती दाखवणारा प्रोग्राम उघडून ‘ट्रान्सफर मोड’ची ओळ वाचा. तिथे सध्याचा आणि कमाल असे दोन वेग शेजारीशेजारी दिसतात, ४.० च्या स्लॉटमध्ये ४.० चा ड्राइव्ह असूनही ते जुळले नाहीत, तर पट्टी काढून पुन्हा एकदा नीट बसवा.