परिणाम कुणाच्या वाट्याला

[दृश्य: वर्धा शहर, सकाळ]

डिसेंबर 1935. अमेरिकेतून मार्गारेट सँगर गांधीजींना भेटायला वर्ध्याला आल्या. संततिनियमनाचा प्रचार केला म्हणून मायदेशी त्यांनी तुरुंगवास भोगलेला. महात्म्याने एकदा होकार दिला की खेड्यापाड्यांतली माणसं ऐकतील, हा त्यांचा हिशेब.

गांधीजी बधले नाहीत. मुलं कमी हवीत, हे त्यांनाही मान्य होतं. पण ते संयमाने, साधनांनी नव्हे. कृत्रिम साधनं वापरणारा माणूस आपल्याच कृतीच्या परिणामांच्या जबाबदारीतून अंग काढून घेतो, असं त्यांनी दहा वर्षं आधीच लिहिलं होतं. बायकांनी नवऱ्याला ठाम नकार द्यायला शिकावं, हा त्यांचा उपाय. ‘सुरक्षित दिवसां’च्या, म्हणजे पाळीच्या चक्रात दिवस जाण्याची शक्यता कमी असते त्या दिवसांच्या, बाबतीत मात्र ते किंचित नरमले. त्यात निदान महिन्यातले काही दिवस तरी संयम पाळावा लागतो!

त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंकाच नाही. पण नकार दिला म्हणून ज्या घरात मार बसतो, तिथल्या बाईने काय करायचं? संयम दोघांचा सुटतो. दिवस मात्र तिला एकटीलाच जातात.

[दृश्य: ‘समाजस्वास्थ्य’चे जुने अंक, पानं उलटणारा हात]

मुंबईत एक माणूस याच जबाबदारीचा नेमका उलटा अर्थ लावत होता. रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव, विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. पोसता येणार नाही ते मूल जन्माला न घालणं, यालाच ते जबाबदारी मानत. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी दवाखाना उघडला तो 1921 साली; त्याच वर्षी कर्व्यांनी मुंबईत आपलं केंद्र सुरू केलं. पुढे प्राध्यापकी सोडावी लागली. 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं, तर अश्लीलतेचे खटले मागे लागले. 1934 च्या खटल्यात त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड भरावा लागला. 1938 साली आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आणला. तोही पडला. मासिक मात्र कर्व्यांनी 1953 पर्यंत, मरेपर्यंत चालवलं. या सगळ्यात घर सावरून धरलं ते त्यांच्या पत्नी मालतीबाईंनी. त्यांचं नाव अजूनही आपण ओघात घेतो आणि पुढे जातो. आम्हीही आत्ता तेच केलं.

[दृश्य: सरकारी दवाखाना, केसपेपरची रांग]

गर्भपात हा तर 1860 पासून गुन्हाच. स्वतःचा गर्भ पाडणारी बाईही त्यात गुन्हेगार. महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शाह यांच्या समितीने वाट सुचवली आणि 1971 चा कायदा आला. साधन वापरूनही दिवस गेले, तर तो मनस्ताप त्या कायद्याने गर्भपाताचं कारण म्हणून ग्राह्य धरला, पण विवाहितेचाच. ‘विवाहित’ हा शब्द तिथून निघायला 2021 उजाडलं. आणि गुन्ह्याचं कलम अजून आहेच. 1971 च्या कायद्याने त्यातून फक्त सवलत दिली. म्हणून आजही कायद्याच्या दृष्टीने निर्णय बाईचा नसतो, तो डॉक्टरांच्या मताचा असतो. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं, पुढे ठरावीक कारणांसाठी चोवीसपर्यंत दोघांचं.

सज्ञान बाईची एकटीची संमती या कायद्याला पुरते. तरी खिडकीवर विचारतातच, “मिस्टर आलेत का? त्यांची सही लागेल.”

इथे एक अडचणीचा प्रश्न हमखास येतो. निर्णय तिच्यावर सोडला आणि तिने मुलगी नको म्हटलं तर? याच महाराष्ट्राने 1988 साली, देशात सर्वांत आधी, गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला. त्या कायद्याचा रोख तपासणीवर होता, गर्भपातावर नव्हे, आणि ते योग्यच होतं. ‘मुलगी नको’ हे बहुतेकदा आधी सासरच्या बैठकीत ठरतं. दवाखान्यात येऊन ते बोलून दाखवायचं काम फक्त तिचं.

[दृश्य: आरोग्य केंद्राच्या भिंतीवर कुटुंब नियोजनाचा तक्ता]

तांबी, गोळ्या, निरोध, ऑपरेशन. पुरुष नसबंदी बिनटाक्याची असते, काही मिनिटांत उरकते, माणूस त्याच दिवशी घरी जातो. बाईचं ऑपरेशन पोटातलं, त्याहून कितीतरी जोखमीचं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातल्या विवाहित जोडप्यांपैकी 37.9 टक्क्यांत ऑपरेशन बायकोने करून घेतलं होतं. नवऱ्याने करून घेतलं, अशी जोडपी 0.3 टक्के.