लालिशचा मोर

हा उंबरठा नीट बघा. यावर कुणी पाय ठेवत नाही. वाकायचं, दगडाला ओठ टेकवायचे आणि तो ओलांडून आत जायचं. दाराशेजारी भिंतीवर एक काळा नाग कोरलाय. आवारात सगळे अनवाणी.

हे उत्तर इराकमधलं लालिश, यझिदी या छोट्या धर्मसमुदायाचं सर्वांत पवित्र ठिकाण. ११६२ साली वारलेल्या शेख अदी या त्यांच्या संताची समाधी इथेच आहे.

यझिदी एकच देव मानतात. त्यानं जग घडवलं आणि सात देवदूतांच्या हाती सोपवलं. त्यांत थोरला ताऊसी मेलेक. ताऊस म्हणजे मोर.

यझिदी सांगतात ती कथा अशी. देवानं देवदूतांना बजावलं होतं, माझ्याशिवाय कुणापुढे झुकू नका. पुढे त्यानं आदमला घडवलं आणि म्हणाला, याला नमन करा. बाकीचे झुकले. ताऊसी मेलेक ताठ उभा राहिला, कारण त्याला पहिला शब्द आठवत होता. ती परीक्षा होती, आणि उत्तीर्ण झाला तो एकटाच.

शेजारच्या धर्मांत मात्र न झुकणारा तो सैतान ठरतो. तेवढ्यावरून यझिदींना शतकानुशतकं सैतानपूजक म्हटलं गेलं. ज्यांच्या घरात तो शब्द तोंडातूनही काढत नाहीत, त्यांना!

आता हा संजक, ताऊसी मेलेकचं प्रतीक. समईसारखा उभा पितळी दांडा आणि माथ्यावर धातूचा पक्षी. कव्वाल, म्हणजे यझिदींचे धर्मगायक, तो गावोगाव नेतात, डफ आणि बासरीच्या साथीनं कौल गातात. ही पवित्र कवनं पिढ्यान् पिढ्या तोंडपाठच चालत आली. मोर पाहून आपल्याला कार्तिकेय आठवणारच. पण तेवढ्यावरून नातं जोडायची घाई नको. यांचा मोर आधी यांच्याच तोंडून ऐकू या.

३ ऑगस्ट २०१४. इस्लामिक स्टेटचे लोक उत्तर इराकमधल्या यझिदींच्या सिंजार भागात घुसले, तेव्हा तोच जुना शिक्का त्यांच्या तोंडी होता. हजारो माणसं मारली गेली, हजारो बायका-मुलींना गुलाम करून विकलं. जे डोंगरावर चढले, त्यांतली कितीतरी लेकरं पाण्यावाचून गेली. विकल्या गेलेल्यांपैकी एक, नादिया मुराद, २०१८ मध्ये नोबेल शांतता पुरस्कार घ्यायला उभी राहिली.

एप्रिलमधला लाल बुधवार, यझिदींचा नववर्षाचा सण. ताऊसी मेलेक याच दिवशी पृथ्वीवर उतरला, असं मानतात. घरोघरी अंडी रंगवतात. चिखलाचा गोळा दारावर थापून त्यात लाल रानफुलं खोचतात, रंगीत टरफलंही. लालिशमध्ये संध्याकाळी ऑलिव्हच्या तेलात वाती भिजतात, आणि पायऱ्या-पायऱ्यांवर दिवे लागतात.