सातव्या सेमिस्टरच्या आत

सकाळचे साडेसहा. फ्लोरिडातलं ब्रेडंटन. कोर्टवरचं दव अजून वाळायचंय. सोळा वर्षांची एक मुलगी सर्व्हिसचा सराव करतेय. टोपलीभर चेंडू मारायचे, गोळा करायचे, पुन्हा रेषेवर उभं राहायचं. ऊन चढायच्या आत उरकायला हवं. नंतर घामानं रॅकेटची मूठसुद्धा हातात थांबत नाही. तिच्या वर्गातली मुलं... पण थांबा, तिला वर्गच नाही. तिची शाळा किट बॅगेत आहे, टॉवेलखाली.

निक बोलेटिएरी यांनी १९७८ मध्ये या गावात टेनिस अकादमी काढली. तेव्हापासून देशोदेशीची मुलं इथे रॅकेट घेऊन राहायला येतात. पुढे १९९७ मध्ये राज्याची सरकारी ऑनलाइन शाळा सुरू झाली, फ्लोरिडा व्हर्च्युअल स्कूल. मोठ्या ज्युनियर स्पर्धा आठवडाभर चालतात, त्याही कधी कधी दोन राज्यं ओलांडून. हजेरी घेणाऱ्या शाळेला हे किती दिवस चालेल?

ऑनलाइन शाळेनं वेळेचा प्रश्न सुटला. पण कॉलेजसाठी खेळायचं तर आणखी एक दार आहे, इंडियानापोलिसमध्ये. अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचा कारभार पाहणारी एनसीएए तिथून चालते. डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या पातळीवर, खेळायचं असेल तर नववी ते बारावीत सोळा मूळ विषय पूर्ण हवेत आणि त्यांतला जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, किमान २.३. एसएटी, एसीटी या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षांची अट २०२३ मध्ये गेली. साहजिकच सगळा भार आला शाळेच्या मार्कांवर.

खरी गोम पुढे आहे. सोळांपैकी दहा विषय सातवं सेमिस्टर सुरू व्हायच्या आत, म्हणजे बारावीत पाऊल टाकण्याआधी, संपलेले हवेत. त्यातले सात इंग्रजी, गणित किंवा विज्ञानाचे. त्या दहांचे ग्रेड तिथेच गोठतात. नंतर तोच विषय पुन्हा देऊन पात्रतेचा जीपीए सुधारता येत नाही. आणि बहुतेक खेळांत कॉलेजच्या कोचना खेळाडूला फोन करायची मुभा मिळते ती दहावीनंतरच्या १५ जूनपासून. रँकिंगसाठी जीव तोडून खेळायचं वर्ष आणि हे विषय संपवायचं वर्ष, एकच!

मग आडवाटा खुणावतात. तीन आठवड्यांत बीजगणित, धडे वगळून थेट चाचणी. एनसीएए असे कोर्स धरत नाही. शिकवणारा शिक्षक हवा, त्याच्याशी नियमित संपर्क हवा, त्यानं काम तपासलेलं हवं, आणि कोर्सला ठरावीक मुदत हवी. प्रमाणपत्र कितीही गुळगुळीत कागदावर छापलेलं असो. फी भरण्याआधी शाळेच्या एनसीएए-मान्य कोर्सची यादी बघायला पाच मिनिटं लागतात. पालक मात्र आधी कोचची फी विचारतात.

भारतातून जाणाऱ्यांचीही यातून सुटका नाही. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून कॉलेज टेनिस खेळला. त्या वाटेनं निघालेल्या मुलांनी नववीपासूनच्या गुणपत्रिका जपून ठेवलेल्या बऱ्या.

दुपार. गाडी हायवेवर आहे, आई चालवतेय. मागच्या सीटवर मांडीवर लॅपटॉप, फोनचं हॉटस्पॉट, शेजारी अर्धवट सोललेलं केळं. रसायनशास्त्राचा स्वाध्याय परत आलाय. शिक्षिकेनं तिसऱ्या उत्तरापाशी लाल अक्षरात लिहिलंय: आकडा बरोबर, एकक कुठे? रविवारपर्यंत दुरुस्त करून पाठव.

मुलगी वैतागून डोळे मिटते. उद्या सकाळी आठला पहिली मॅच आहे. ही एक ओळ तिला कटकट वाटतेय, आणि नेमकी अशीच देवाणघेवाण तिचा कोर्स ग्राह्य धरायला लागते.

पुढच्या पेट्रोल पंपावर गाडी थांबते. आई खाली उतरते. मागे मुलगी उत्तरापुढे ‘मोल’ लिहिते, पाठवते, आणि केळं संपवते.